माल जिथं पोचतो, तिथं तक्रारही पोचवा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून नग पाडणाऱ्या कारखान्यात, मी २७ वर्षं डिस्पॅचच्या टेबलावर काढली. चलन फाडायचं, क्रेट मोजायचे, लॉरीवाल्याची सही घ्यायची. कुठला नग कुणाकडं जातो, हे मालकाच्या खालोखाल मला ठाऊक असायचं. माझ्या टेबलापासून शंभरेक पावलांवर फेटलिंग शॉप, म्हणजे ओतलेले नग घासून साफ करायची जागा, होतं आणि तिथं आमचे दाजी ग्राइंडर धरून उभे असायचे. १४ वर्षं, कॉन्ट्रॅक्टरच्या हजेरीवर.

दाजींना खोकला लागला तेव्हा टीबी म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या झाल्या. वर्षभरानं पुन्हा त्याच. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते, पण हा माणूस दिवसभर काय काम करतो हे कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या खेपेला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाकडं धरला आणि विचारलं, "हे दगडखाणीत होते का?" अक्का म्हणाली, "न्हाई हो बाई, फाउंड्रीत हायत." त्या दिवशी कागदावर पहिल्यांदा सिलिकोसिस हा शब्द आला, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीनं होणारा फुफ्फुसाचा रोग.

साच्याची वाळू कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या नगाला, भाजून चिकटते. ग्राइंडर लावला की तिचं पीठ होतं. डोळ्यांना दिसणारा धुरळा बराचसा नाकातच अडतो. न दिसणारा फुफ्फुसात उतरतो आणि तिथं घट्टे पाडतो. ते घट्टे कुठल्याही औषधानं जात नाहीत, आणि असल्या फुफ्फुसाला टीबीही लवकर धरतो. पण हा रोग आधीच पूर्ण टाळता येतो. जागेवरच धूळ ओढून घेणारी यंत्रणा, जमेल तिथं ओलं काम, तोंडाला घट्ट बसणारा मास्क. आमच्याकडं लोक तोंडाला टॉवेल गुंडाळायचे.

अक्का मालकांकडं गेली. ते म्हणाले, तो आमचा माणूस नाही, कॉन्ट्रॅक्टरचा. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, मी नुसती माणसं पुरवतो, काम त्यांचं. अक्का घरी येऊन उंबऱ्यावरच बसली. "मग १४ वर्षं हा माणूस कुणाचा हुता रे?"

मला माझं टेबल आठवलं. एखाद्या नगाला पुण्यात बारीक तडा सापडला तर तासाभरात फोन यायचा. हीट नंबर, म्हणजे भट्टीची कुठली खेप ते सांगा, शिफ्ट सांगा, मोल्डर कोण होता सांगा. चार दिवसांत डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचा कागद. तिथनं इथपर्यंत तक्रार यायला एवढी चोख वाट आहे. इथनं तिथपर्यंत जायला ती का नसावी? पुढं लिहितोय ते सगळं त्याच वाटेबद्दल आहे. मी वकील नाही. अर्ज लिहून देता देता जे शिकलो ते सांगतो.

आधी वही

शंभर पानी वही घ्या आणि रोजच्या रोज लिहा. तारीख, पाळी, कुठल्या मशीनवर होतो, मास्क दिला का, पंखा चालू होता का, कोण आजारी पडलं. "नेहमी धूळ असते" या वाक्याला किंमत नाही. "मंगळवारी दुसऱ्या पाळीत धूळ ओढायचा पंखा बंद होता, सुपरवायजरला सांगितलं, तो म्हणाला बेल्ट तुटलाय" या वाक्याला आहे. वहीबरोबर पगाराची चिठ्ठी, गेटपास, पीएफचं पासबुक, ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड आणि दवाखान्याचा प्रत्येक कागद एका पिशवीत ठेवा. एक्स-रेची फिल्म दवाखान्यात सोडून येऊ नका.

डॉक्टरांपुढं बसलं की त्यांनी विचारो न विचारो, पहिलं वाक्य हेच बोला: "मी अमुक वर्षं फाउंड्रीत ग्राइंडिंग करतोय." आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. सिलिकोसिस हा सरकारला कळवायचाच रोग आहे. तपासणाऱ्या डॉक्टरांवरसुद्धा तो कळवायची कायदेशीर जबाबदारी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात ती होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या २९ कायद्यांच्या जागी ज्या चार श्रमसंहिता आल्या, त्यांतही आहे.

एक गोष्ट करू नका. कंपनीचे कागद, ड्रॉइंग, चलनांच्या प्रती उचलून आणू नका. मला ते सोपं होतं, माझ्या हाताखालून जायचे. तरी आणले नाहीत. चोरीचा आळ आला की मूळ गोष्ट बाजूला पडते. लागणारी माहिती डोळ्यांसमोर उघडी असते.

नगावरची अक्षरं वाचा

कास्टिंगवर उठावाची अक्षरं असतात. त्यात पार्ट नंबर असतो, हीटचा किंवा महिन्याचा शिक्का असतो आणि बऱ्याचदा घेणाऱ्या कंपनीची खूण किंवा तिनं पुरवठादाराला दिलेला कोड असतो. क्रेटवर लेबल असतं. पाहुणे यायचे असले की गेटवर स्वागताचा बोर्ड लागतो, त्यावर कंपनीचं नाव असतं. हे सगळं पाहून वहीत उतरवा. थेट गिऱ्हाईक कळलं की त्याच्या पुढचं शोधा: आमचा नग एका मशीन शॉपमध्ये जायचा, तिथं घासून-भोकं पाडून गिअरबॉक्सवाल्याकडं आणि तिथनं ट्रॅक्टर बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडं.

ही खटपट क्षुल्लक वाटेल, पण बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा इमारत कोसळून १,१३४ माणसं गेली, तेव्हा ढिगाऱ्यातून कपड्यांची लेबलं वेचावी लागली. कुठल्या ब्रँडचं काम तिथं चालत होतं, हे सिद्ध करायला. लेबल सापडलं म्हणून नाव घेता आलं. फ्रान्सनं २०१७ साली मोठ्या कंपन्यांवर पुरवठादारांकडच्या माणसांचीही काळजी घ्यायचं बंधन घातलं, त्याच्यामागं ही घटना होती.

"तो आमचा नाही" हे उत्तर भोपाळच्या वायुगळतीनंतरही दिलं गेलं होतं. अमेरिकेतल्या मूळ कंपनीकडं तिथल्या कारखान्याच्या कंपनीचे ५०.९ टक्के शेअर होते, तरी कारखाना आमच्या भारतीय कंपनीचा, असं ती म्हणत राहिली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तिथली माणसं आजही दवाखान्याच्या रांगेत आहेत.

यावर जगानं मान्य केलेलं उत्तर १६ जून २०११ चं आहे. त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनं उद्योगांसाठी ३१ मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. जॉन रगी नावाच्या प्राध्यापकांनी सहा वर्षं खपून ती मांडली होती. रक्षण सरकारनं करायचं, कंपनीनं हक्क पायदळी तुडवायचे नाहीत, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला दाद मिळाली पाहिजे, असा त्यांचा गाभा आहे. आपल्या कामाचं आहे ते तेरावं तत्त्व. कंपनीनं स्वतः काही केलं नसलं, पण तिच्या मालाशी, व्यवहाराच्या नात्यानं, एखाद्याची हानी जोडलेली असली, तर ती थांबवायला तिनं झटलं पाहिजे. हा कायदा नाही, कोर्टात थेट चालत नाही. पण मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या धोरणात ही तत्त्वं लिहून ठेवलेली असतात, आणि स्वतःच्या सहीचं वाक्य समोर ठेवलं की त्यांना उत्तर द्यावंच लागतं.

त्यांचाच अहवाल उघडा

ही युक्ती मला भाच्यानं दाखवली आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी हीच आहे. शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून दरवर्षी बीआरएसआर नावाचा, समाज आणि पर्यावरणाबद्दलच्या जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा तसा नियम आहे. कंपनीच्या वेबसाइटवर वार्षिक अहवालात सापडतो, फुकट. इंग्रजीत असतो. घरातल्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवा.

सगळा वाचू नका. तीन ठिकाणं बघा. सुरुवातीच्या भागात तक्रारींचा तक्ता असतो: कामगार, आसपासचे लोक, पुरवठा साखळीतले भागीदार, प्रत्येकाकडून किती तक्रारी आल्या, किती बाकी राहिल्या, आणि तक्रार करायची सोय कुठं आहे त्याची लिंक. आपला दरवाजा ती लिंक. मग अहवालातल्या नऊ तत्त्वांपैकी तिसरं तत्त्व, त्यात अपघात आणि कामगारांच्या आरोग्याचे आकडे असतात. आणि पाचवं, मानवी हक्कांचं. त्यात शेवटी विचारलेलं असतं, किती टक्के पुरवठादारांची तपासणी केली. ही नऊ तत्त्वं २०१९ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतली आहेत.

आमच्या गिऱ्हाइकाच्या अहवालात पुरवठा साखळीच्या तक्रारींपुढं शून्य होतं. भाचा म्हणाला, "मामा, तक्रार केलीच न्हाई कुणी, तर शून्यच येणार की." मी तो शून्य बराच वेळ बघत बसलो. दाजींचा एक्स-रे कपाटावर होता.

माल परदेशी जात असेल तर आणखी एक दार आहे. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा आहे आणि २०२४ पासून तिथं किमान १,००० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना तो लागतो. त्यानुसार तक्रार घ्यायची सोय त्यांना ठेवावी लागते, ती पुरवठादाराच्या कामगारालाही खुली असते, आणि तक्रारदाराचं नाव झाकून ठेवावं लागतं.

हे शोधताना सीएसआरची, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याची, पानं लागतील. शाळेला बेंच, गावाला पाण्याची टाकी, फोटो. ते चांगलं काम आहे, त्याला कमी लेखू नका. पण तो २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या १३५ व्या कलमाचा भाग, नफ्याच्या दोन टक्क्यांचा. फक्त आपल्याच कामगारांसाठी केलेला खर्च त्यात मोजताच येत नाही. म्हणजे मास्क आणि धुळीची यंत्रणा हे दान नाही, देणं आहे. कुणी टाकीचा फोटो दाखवून गप्प बसवू लागलं तर शांतपणे एवढंच सांगा.

पत्र

एकट्यानं सही करू नका, यावर माझा कटाक्ष आहे. आम्ही सात जणांनी सह्या केल्या, त्याही गोलात, म्हणजे पहिला कोण ते कळत नाही. मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तीन लिप्या त्या गोलात होत्या, कारण फेटलिंगला बैलहोंगलची पोरं आहेत, बिहारची आहेत आणि आपली मच्छे-पिरनवाडीचीही आहेत. अक्का म्हणाली, "तू लिव, पयली सही मी करतो." तिला सांगावं लागलं की गोलात पहिली नसते.

पत्र एका पानाचं. राग खरा आहे, पण तो कागदावर उतरला की वाचणारा तेवढाच धरून बसतो. आमचं साधारण असं होतं:

"आपल्या कंपनीला जाणाऱ्या अमुक पार्ट नंबरच्या कास्टिंगचं ग्राइंडिंग आम्ही करतो. त्या जागी धूळ ओढणारी यंत्रणा नाही. एका कामगाराला सिलिकोसिस झाल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. आणखी तिघांना खोकला आहे, त्यांची तपासणी झालेली नाही. आपल्या पुरवठादार आचारसंहितेत सुरक्षित कामाची अट आहे. आमची मागणी: एक, हवेतल्या धुळीचं मोजमाप स्वतंत्र माणसाकडून व्हावं. दोन, सर्व कामगारांची, कॉन्ट्रॅक्टरच्या धरून, छातीची तपासणी व्हावी. तीन, यंत्रणा बसवण्याची तारीख लेखी मिळावी. चार, आजारी कामगाराला भरपाई मिळावी. पाच, आमची नावं पुरवठादाराला कळवू नयेत. सहा, ऑर्डर काढून घेऊ नये."

सहावी मागणी विसरू नका. बदनामी नको म्हणून गिऱ्हाईक ऑर्डर तोडतं, कारखाना पाळ्या कमी करतो आणि ज्यांच्यासाठी पत्र लिहिलं त्यांच्याच चुली विझतात. तुम्ही जाऊ नका, राहा आणि सुधारायला लावा, हे स्पष्ट लिहायचं. किलोमागं दर इतका दाबलेला असतो की यंत्रणेला पैसा कुठनं आणायचा, हा मालकाचा प्रश्नही खोटा नसतो. दर ठरवणाऱ्यानं त्याचं उत्तर द्यायचं. आम्ही तेही एका ओळीत लिहिलं होतं.

पत्र ईमेलनंही पाठवा आणि स्पीड पोस्टनं पोचपावती मागूनही. कंपनी सचिव आणि अहवालातला तक्रारींचा पत्ता, दोघांना. पावती वहीत चिकटवा.

सरकारी दारं, आणि भाषा

गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं म्हणून सरकारला सोडायचं नाही. दोन्ही एकाच आठवड्यात करा.

कारखाने व बॉयलर खात्याकडं तक्रार द्या. निरीक्षकाला आता निरीक्षक-तथा-सुविधाकार म्हणतात. भाषेचं म्हणाल तर राज्यघटनेचं ३५० वं कलम पाठ करून ठेवा: राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी वापरात आहे हे कुणी नाकारू शकत नाही. तरी मी काय करतो ते सांगतो. वर मराठी अर्ज, त्याला कन्नड प्रत जोडलेली. हक्क सोडायचा नाही, आणि टेबलापलीकडच्या माणसाला वाचता यावं हेही बघायचं. माझी कन्नड प्रत दाजींच्याच शिफ्टमधला एक पोरगा लिहून द्यायचा. सुरक्षेच्या सूचना बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावायची अट १९४८ च्या कायद्यापासून आहे. नसतील तर तोही मुद्दा अर्जात घाला.

माहिती अधिकार खासगी कंपनीवर चालत नाही, पण खात्याकडं त्या कारखान्याचे कागद असतात. तपासणी कधी झाली, काय त्रुटी लिहिल्या, पुढं काय केलं, हे मागा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत लागतो. माझा पहिला अर्ज दोन पानी होता, तो तसाच परत आला.

ईएसआयचं आधी बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर तुम्ही त्यात येता, कॉन्ट्रॅक्टरचे असलात तरी. त्यानं हप्ता भरला नाही तर तो मूळ मालकाच्या गळ्यात येतो. मजुरी थकली तरी तसंच. सिलिकोसिस व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे आणि अशा रोगांसाठी वेगळं वैद्यकीय मंडळ बसतं. दाजींचं तिथं तीनदा पुढं ढकललं गेलं. प्रत्येक वेळी पुढची तारीख लेखी मागितली. चौथ्यांदा झालं. आता दरमहा थोडे पैसे येतात.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडं तक्रारीला फी नाही आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा चालते, म्हणजे मराठी चालते. घटना एका वर्षाच्या आतली हवी. इथं एक खाच आहे: नोकरीचा किंवा मजुरीचा वाद म्हणून लिहिलं तर ते घेत नाहीत. जीव आणि आरोग्याचा प्रश्न म्हणून लिहा, आणि कुठल्या सरकारी खात्यानं काय करायचं होतं ते केलं नाही, हे नाव घेऊन सांगा. वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. औद्योगिक कामगाराला आणि स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

ऑडिटर आला की

सहा आठवड्यांनी गिऱ्हाईक कंपनीकडनं तपासणीला आमच्याकडं माणूस आला. आदल्या दिवशी फेटलिंग शॉप पाणी मारून धुतलं गेलं, नवे मास्क वाटले, आणि खोकणाऱ्या दोघांना सुट्टी दिली गेली. हे होणारच असं धरून चाला. म्हणून पत्रातच लिहायचं की न कळवता या, रात्रपाळीला या, कामगारांशी आवाराबाहेर बोला, सुपरवायजर आणि कॉन्ट्रॅक्टर समोर नसताना. आम्ही ते पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. दुसऱ्यात लिहिलं, आदल्या दिवशीच्या धुण्याची तारीख आणि वेळ वहीतनं उतरवून.

दुसऱ्या भेटीला ऑडिटर म्हणून एक बाई आल्या, त्या तिसऱ्या गेटजवळच्या चहाच्या टपरीवर भेटल्या. कन्नड त्यांना येत होतं, मराठी तोडकं. दोन तास बसल्या. अक्कानं पिशवीतून एक्स-रे काढून टपरीच्या उजेडाकडं धरला, तशीच, त्या डॉक्टरीणबाईंसारखी.

पाचपैकी तीन ग्राइंडरांवर धूळ ओढणारे हुड बसले आहेत. दोन बाकी आहेत, त्यांची लेखी तारीख उलटून तीन आठवडे झाले. तिसरं पत्र काल लिहून ठेवलंय. सह्यांना या वेळी अकरा जण आहेत. सोमवारी पोस्टात टाकतोय.